माझ्या नावावरचे ऐंशी लाख

ज्या दिवशी मी माझ्या सख्ख्या भावाचं डोकं फोडलं, त्या दिवशी सकाळी घरून निघालो होतो ते इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला.

मी सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. दर जुलैला पगाराच्या दाखल्याचा फॉर्म सोळा घेऊन नाशिक रोडच्या एका कर सल्लागार बाईंकडे जातो. दहा मिनिटांचं काम. त्या वर्षी मात्र एकलहरे रोडची आम्हा दोघा भावांची जमीन विकली होती. वडील लवकर गेले. दादानं याच जमिनीत शेवंती, झेंडू लावून मला डिप्लोमा करवला. विक्रीच्या वेळी मला सुट्टी मिळेना, म्हणून मी त्याला मुखत्यारपत्र करून दिलं. खरेदीखत वाचलंसुद्धा नाही. "ऐंशी आले, तुझे चाळीस," म्हणत त्यानं माझ्या खात्यात चाळीस लाख जमा केले.

बाईंनी संगणकावर माझी वार्षिक माहिती उघडली. पगार, व्याज, जमिनीचे व्यवहार, आपल्या नावानं सरकारला जे जे कळवलं जातं ते सगळं तिथं दिसतं. पगार बरोबर होता. खाली जमीनविक्रीची नोंद होती. माझा पॅन, आणि समोर ऐंशी लाख.

"माझ्या एकट्याच्या नावावर ऐंशी?"

"थांबा जरा. खरेदीखत घेऊन या, मग बघू. हे नेहमी..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. माझा वाटा ऐंशी, म्हणजे जमीन एक कोटी साठला गेली आणि दादानं माझे चाळीस लाख खाल्ले. गाडी चालवताना त्याच्या घराचा नवा वरचा मजला डोळ्यांपुढे आला आणि मला शंका अशी उरलीच नाही.

दादा अंगणात शेवंतीचे क्रेट भरत होता. "आलास? चहा टाकायला सांगू?"

मी त्याची कॉलर धरली. "माझे चाळीस लाख कुठंयत?"

त्याला गंमत वाटली. तो हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. भिंतीला टेकवलेला फावड्याचा दांडा उचलला आणि त्याच्या कानशिलावर हाणला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो गुडघ्यांवर आला. मी पाठीत हाणला, मग पुन्हा डोक्यात. तो हात वर करून "अरे, अरे" एवढंच म्हणत होता. वहिनी धावत मधे आली आणि पुढचा तडाखा तिच्या मनगटावर बसला.

"सोड रे! मरतील ते!" ती ओरडली.

पांढरी शेवंती लाल झाली होती आणि मला ते बघून बरं वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शेजाऱ्यांनी मला खाली पाडून लाथांनी तुडवलं. माझे दोन दात पडले. मग पोलीस आले.

मी कोठडीत असताना बायको खरेदीखत घेऊन सल्लागार बाईंकडे गेली. जमीन दोघांची, एकूण किंमत ऐंशी लाख. निबंधक कार्यालयाकडून पूर्ण रक्कम दोघांच्याही नावापुढे कळवली गेली होती. "हे नेहमी होतं, तेच सांगत होते मी," बाई म्हणाल्या. ती माहिती बरोबर नाही असं आयकराच्या वेबसाइटवरच कळवायचं आणि रिटर्नमध्ये आपला अर्धा वाटा दाखवायचा. बस, एवढंच.

जामीन झाल्यावर मी दवाखान्यात गेलो. दादाच्या डोक्याला सतरा टाके होते आणि डावा कान कायमचा गेला होता. मी पाय धरले.

"मला विचारायचं ना रे," दादा एवढंच म्हणाला.

वहिनी प्लास्टरमधला हात सावरत मला बाहेर घेऊन आली. "त्यांनी माफ केलं असंल. मी केलेलं नाय. केस मागं घेणार नाय मी."

रिटर्न मुदतीत भरलं, चाळीस लाख दाखवून. आयकर खात्यानं ते एक प्रश्नही न विचारता मान्य केलं. कोर्टात तारखा चालू आहेत. वकील म्हणतात, झटापटीत लागलं म्हणून सांगा. मी बायकोला सांगून ठेवलंय, न्यायाधीशांनी विचारलं की मी कबूल करणार.