बर्फावर मीठ

उत्तनहून निघताना मेल्विनचे पप्पा दारातच म्हणाले, "बर्फ हाय तो मासळीवर टाकायला. त्याच्यावर बसून मासळी कोण धरतं?" ते काही आले नाहीत. मी गेले, पण बर्फ बघायला नव्हे, मुलाला त्यावरून उठवून आणायला. मेल्विन आमचा एकुलता एक. अमेरिकेत वायोमिंगमध्ये धुण्याच्या सोड्याच्या खाणीत इंजिनीअर आहे. थंडीत दर शनिवारी रात्रभर गोठलेल्या धरणावर बसतो, मासे धरतो आणि मला फोटो पाठवतो. फोटो आला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पुन्हा जाणार नाही असं त्याच्याकडून वचन घ्यायचं, एवढ्यासाठी मी विमानात बसले.

पोचल्यावर पहिल्याच जेवणाला विषय काढला. तो म्हणाला, "एकदा येऊन बघ, आय. मग काय ते बोल."

शनिवारी दुपारी धरणावर गेलो. चहूकडे उघडे तपकिरी डोंगर आणि मध्ये हे पांढरं मैदान. समुद्राकाठी जन्म गेला माझा, पण पाणी गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही. मेल्विनने गाडी काठावर लावली आणि सामानाची घसरगाडी बर्फावर ओढली. तिथे डेल नावाचा एक म्हातारा भेटला, मेल्विनच्या ओळखीचा. इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, या लाल झेंड्यांमधूनच जायचं आणि यायचं. धरणाचं पाणी सोडलंय, त्यामुळे काठाचा बर्फ वाकून फाटलाय. आत गेलात की काही नाही, फूटभर जाड आहे." मी मेल्विनच्या जाकिटाला धरून, पाय न उचलता घसटत गेले. देवमातेला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

तंबू लावला, शेगडी पेटवली. मेल्विनने गिरमिटाने बर्फाला चार भोकं पाडली. प्रत्येकातून काळं पाणी वर आलं आणि काठोकाठ थांबलं. ज्या माशासाठी हा सगळा खटाटोप, तो बर्बट. अंधार पडल्याशिवाय तो गळाला लागत नाही, म्हणून रात्रभर बसायचं. अंग वामेसारखं लांब आणि निसरडं, तोंड शिंगाळ्यासारखं रुंद आणि हनुवटीला एकच मिशी. बाहेर काढला की हाताला विळखा घालतो. मी मासळीच्या टोपल्यांत वाढलेली बाई, तरी मागे सरले.

पण खायला चांगला निघाला. मी बाटली मसाला (आमच्या घरचा, वर्षभर पुरणारा) नेला होता, तो लावून तुकडे तळले. डेलला शेजारच्या तंबूतून बोलावलं. तो नाक पुसत पुसत तीन तुकडे खाऊन गेला.

मग बर्फ ओरडायला लागला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. लांबून गडगडत यायचा आणि पायाखालून निघून जायचा. मेल्विन म्हणाला, "थंडी वाढली की बर्फ ताण घेतो. चांगलं असतं ते." आणि खुर्चीत झोपला. आपल्या आईला तिथे जागी सोडून झोप कशी लागते या मुलाला, कोण जाणे.

भीती घालवायला हाताला काम हवं. आठ मासे बाजूला पडले होते. आमच्याकडे मासळी मिठाशिवाय पडू देत नाहीत. सामानाच्या बादलीत खडे मिठाची मोठी पिशवी सापडली. बरं वाटलं, म्हटलं पोरगा कोळ्याचाच राहिला, मीठ बरोबर ठेवतो. मासे चिरले, आतडी काढली आणि तंबूच्या कडेला थेट बर्फावर रचले. एक थर मासळी, एक थर मीठ. सगळी पिशवी संपवली. मग ओले बूट काढून शेगडीपाशी बसले. माझा डोळा लागला असावा.

जाग आली ती पायाला गार लागलं म्हणून. मोजे भिजले होते. बॅटरी लावली तर खुर्च्यांपासून भोकांपर्यंत नुसतं पाणी. त्याच वेळी खालून गडगडाट गेला. मला वाटलं, संपलं. मेल्विनचं मनगट धरलं आणि "बर्फ फुटला, पळ" एवढं बोलून त्याला ओढत बाहेर काढलं. काठावर एका गाडीचा दिवा दिसत होता. मी सरळ त्या दिव्याकडे धावले.

मागून तो सांगत होता, "आय, थांब. झेंडे तिकडं हायत." मला ऐकू येत होतं. मी थांबले नाही, त्याचा हातही सोडला नाही.

काठाजवळ तो मांडीपर्यंत आत गेला. मी गेले नाही, माझ्यापेक्षा तो जड म्हणून. त्याचा एक पाय बाहेर, एक पाय त्या काळ्या पाण्यात, आणि मी त्याची बाही धरून उभी. "आडव्या व्हा" असं ओरडत डेल आला. मी पोटावर पडले. त्याने आपल्या घसरगाडीचा दोर टाकला, आणि आम्ही दोघांनी ओढून त्याला वर घेतलं.

झेंड्यांमधून परत आलो, तर तंबू जागच्या जागी उभा होता. मेल्विनचा पाय मेणासारखा पांढरा पडला होता. मी कोट उघडून तो पाय माझ्या पोटाशी घेतला आणि तशीच बसले. डेलने तंबूतल्या पाण्यात बोट बुडवलं, चाटलं आणि माशांच्या ढिगाकडे पाहिलं. "मॅडम, खाली बर्फ शाबूत आहे. वरचा तेवढा तुमच्या मिठाने वितळला." ते मीठ तंबूच्या गोठलेल्या कडा सकाळी सोडवायला ठेवलेलं होतं.

बऱ्याच वेळाने बोटं लाल झाली. बोटं हलली तेव्हा मी रडले. मेल्विन हळूच म्हणाला, "आय, भ्यायला तुला कोण ना म्हणत नाय. पण भ्यालीस की मला धरून पळू नको. नाय पळणार म्हण." मी म्हटलं, "नाही पळणार." ज्या वचनासाठी मी आले होते, ते मागायला मला तोंडच उरलं नव्हतं.

उत्तनला परत आल्यावर सगळ्यांना डोंगर सांगितले, मासा सांगितला. माझ्या मुलाला पाण्यात मी घातलं, हे मात्र घरीही बोलले नाही. ते इथे पहिल्यांदा लिहितेय.

तो अजून जातो. आमच्या रविवारी, चर्चमधला मिस्सा आटोपून मी घरी येते तेव्हा तिथे शनिवारची रात्र असते आणि त्याचा व्हिडिओ कॉल येतो. मी न विचारता तो फोन खाली धरून पायाखालचा कोरडा बर्फ दाखवतो. "भ्यालीस?" विचारतो. मी हो म्हणते. "घरी जा" हे शब्द अगदी ओठांवर असतात. ते गिळून मी विचारते, "किती मिळाले रे?" फोन मात्र मी दोन्ही हातांनी धरलेला असतो.