ज्येष्ठांनी नस टोचून घ्यावी

आमच्या गावात नगरपरिषदेच्या वाचनालयाबाहेर, भिंतीवरच सिमेंटचा एक काळा फळा केलेला आहे. लोक त्याला बोर्ड म्हणतात. पदाने मी वाचनालयाचा लिपिक, पण गावाने मला ओळखलं ते बोर्डवाला बाबू म्हणून. माझं अक्षर चांगलं आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण एवढ्या वर्षांत नगरपरिषदेच्या एकाही साहेबाने ते सांगितलं नाही.

बोर्डाच्या वरच्या भागात नळाचं वेळापत्रक. आमच्याकडे नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो, त्यामुळे कोणत्या वॉर्डात कधी पाणी सुटणार हे आमच्या गावातलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं लिखाण आहे. त्याखाली सूचना: घरपट्टी भरा, डुकरं मोकाट सोडू नका, डोळे तपासणीचं शिबिर अमुक दिवशी. आणि सगळ्यात खाली निधन. नाव, वय, वॉर्ड, अंत्ययात्रा किती वाजता निघेल. मी कधी ‘दुःखद निधन’ लिहिलं नाही. सुखद निधन मी अजून पाहिलेलं नाही.

नोकरीला लागलो तेव्हा मी सरसकट सगळ्यांना ‘स्वर्गवासी’ लिहीत असे. पहिल्याच महिन्यात एक शिक्षक आले. मी स्टुलावरून उतरेपर्यंत थांबले आणि शांतपणे म्हणाले, “भाऊ, माह्या वडिलाले तुम्ही स्वर्गात धाडलं. आमच्यात स्वर्ग नसते. कालकथित लिहा.” मी ओल्या फडक्याने पुसलं आणि लिहिलं. तेव्हापासून बौद्धांच्या घरी ‘कालकथित’, मुसलमानांच्या घरी ‘मरहूम’, बाकीच्यांना ‘स्वर्गवासी’, अशी माझी पद्धत पडली. आणि तेव्हापासून ते सर माझे परीक्षक झाले.

निवृत्त झाल्यावर तर ते रोज सकाळी नऊला वाचनालयात येत. आधी बोर्ड वाचत, मग पेपर. “सूचनेचा सू दीर्घ असते, भाऊ.” “शिबिरातली बि ऱ्हस्व.” सुरुवातीला मला त्यांचा फार राग येई. चार लोकांसमोर माणसाची चूक काढायची म्हणजे काय? पण पुढे सवय अशी लागली की चूक सापडली नाही तर त्यांचा चेहरा उतरायचा, मग मीच अधूनमधून एखादी वेलांटी मुद्दाम चुकवायचो. त्यांना ते कळत असावं.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणे. भाजी घ्यायला निघाल्या की पिशवी हातात घेऊन बोर्डाशी थांबत. नजर फक्त वर. “बाबू, आमच्या वार्डातला नय शुक्रवारी लिहिला, खरंच येईन का?” मी म्हणायचो, लिहिणं माझ्या हातात, पाणी माझ्या हातात नाही. खालचा भाग त्या कधी वाचत नसत. म्हणायच्या, “खालचं मले नोको सांगू. खालचं सर वाचतात.” नवराबायकोने बोर्ड असा वाटून घेतलेला होता.

कोरोनाचं पहिलं वर्ष आम्ही बातम्यांतच पाहिलं, असं म्हटलं तरी चालेल. रस्त्यांवर बांबू बांधले, वाचनालयाला कुलूप लागलं, पेपर यायचे थांबले. पण बोर्ड चालू ठेवा, असा मुख्याधिकारी साहेबांचा निरोप आला. लोकांना घराबाहेर पडायला बंदी, मग बोर्ड वाचणार कोण? म्हणून मी रोज सकाळी लिहून झालं की मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायला लागलो. पाच मिनिटांत तो सगळ्या गावात पोचायचा. पूर्वी बोर्ड जेवढे लोक वाचत त्याच्या कितीतरी पट लोक आता वाचत होते, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

मग दुसरी लाट आली. त्या उन्हाळ्यात बोर्ड खालून वर भरत गेला. आधी सूचना आखडल्या. मग नळाचं वेळापत्रक एका ओळीत बसवावं लागलं. अंत्ययात्रेची वेळ लिहायचं कामच उरलं नाही, कारण अंत्ययात्राच नव्हती. गाडी येई, प्लास्टिकचे कपडे घातलेले नगरपरिषदेचे चार जण असत, आणि घरचा एक माणूस लांब उभा राही. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, “आजाराचं नाव लिहायचं नाही, लोक घाबरतील असं काही नको.” मी आजाराचं नाव लिहीत नसे. सहा-सहा नावं एकाखाली एक वाचून लोक कसे घाबरणार नव्हते, ते साहेबांनाच माहीत. ज्या मुलांच्या मुंजीला, लग्नाला, बारशाला मी जेवून आलो होतो त्यांच्या बापांची नावं मी लिहीत होतो. खडू धरून धरून बोटं पांढरी झाली होती आणि घरी गेल्यावर हात धुतल्याशिवाय मला कशाला हात लावावासा वाटत नसे.

त्यातच सर आणि वहिनी दोघंही पॉझिटिव्ह आले. सरांना गावाबाहेरच्या वसतिगृहात सुरू केलेल्या कोविड सेंटरला ठेवलं. वहिनींचा ऑक्सिजन फारच खाली गेला, म्हणून त्यांना बुलढाण्याला हलवलं. त्यांची एकुलती एक मुलगी जालन्याला दिलेली, ती पास काढून आली आणि आईपाशी म्हणजे दवाखान्याच्या फाटकाबाहेर थांबली. वहिनींचा मोबाइल तिच्याकडेच होता. सरांना बायकोचा आवाज ऐकायला मिळत नव्हता. मुलगी रोज सांगे, “बाबा, बरी हाय, झोपून हाय.”

मी फोटो टाकला की दहा मिनिटांत सरांचा फोन यायचा. नाकाला नळी, दोन शब्द बोलले की दम लागे, तरी चूक काढायचे. “आज प्रभागातला प्र तुमचा वाकडा आला, भाऊ.” आणि मग रोज एक वाक्य: “तिचं नाव खाली नाही, म्हणजे बरी हाय थे. पोरीवर माहा भरोसा नाही, पोरगी मन राखते. तुमचा बोर्ड मन राखत नाही.”

पहिल्यांदा हे ऐकलं आणि ही गोष्ट कुठे जाऊन थांबणार आहे ते मला त्याच क्षणी दिसलं. तरी मी म्हणालो, “हो सर, बोर्ड खोटं बोलत नाही.”

पाचव्या दिवशी दिवेलागणीला मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती. एका सुरात बोलत होती. “काका, आई गेली. इथंच केलं सगळं, मले लांबूनच दाखवलं. बाबाले सांगू नका. डॉक्टर म्हणतात त्याईचं ऑक्सिजन अजून खाली-वर होऊन राह्यलं, चार-सहा दिवस धक्का नको. आणि काका, बोर्डावर लिहू नका. थे रोज पाहतात.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पोरीची आई गेली होती आणि तिला बाप वाचवायचा होता. मग ग्रुपवर कोणी श्रद्धांजली टाकू नये म्हणून एकेकाला फोन केले. आमच्या गावाच्या पोटात काही राहत नाही, पण ही गोष्ट राहिली. एकानेही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढलो. त्या दिवशी चार नावं होती, खरी पाच. चार लिहिली. इतक्या वर्षांत माहिती असलेलं एकही नाव मी गाळलं नव्हतं, आणि गाळलं तेही कोणाचं, तर त्या बाईचं, जिने बोर्डाकडे पाण्यापलीकडे काही मागितलं नाही. चौथ्या नावानंतर खडू तसाच टेकवून मी किती वेळ उभा होतो मला आठवत नाही. मग सूचना लिहिली. लसीकरण केंद्राचा निरोप आलेला होता. ती लिहून, फोटो काढून, टाकून मी पायरीवर बसलो.

दहा मिनिटांत फोन. सरांना बोलताच येत नव्हतं. मला वाटलं, कळलं. मग लक्षात आलं की ते हसत आहेत. “भाऊ... भाऊ, वर पहा. काय लिहिलं थे वाचा.”

मी उठून वाचलं. मोठ्या, सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘ज्येष्ठ नागरिकांनी नस टोचून घ्यावी.’ लसच्या जागी नस.

“म्हाताऱ्याईच्या जिवावर उठली काय बे नगरपरिषद?” सर म्हणत होते. “कोरोनानं मरून नाही राह्यले म्हणून नस टोचून घ्या म्हणते!” त्यांना हसताहसता खोकला आला, मागून कोणी नर्स ओरडली, तरी ते थांबेनात. त्यांनी तो फोटो शेजारच्या खाटांवर दाखवला होता. सगळी खोली हसत होती, मला फोनमधून ऐकू येत होतं. मीही हसलो. मग फडकं ओलं करून न चा ल केला, पण तोवर फोटो गावभर गेला होता. त्या काळ्या आठवड्यात पहिल्यांदा ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. साहेबांचाही फोन आला, रागवायला, आणि रागवताना तेही मध्येच हसले.

“आणि पहा,” फोन ठेवायच्या आधी सर म्हणाले, “आजही नाव नाही. बरी हाय थे. घरी आली की तिले पहिले हे सांगतो.”

असे सहा दिवस गेले. रोज सकाळी मी एक नाव न लिहिता बोर्ड लिहायचो आणि रोज ते मला एक चूक सांगून खुशीत फोन ठेवायचे. त्यांचा ऑक्सिजन सुधारला. जेवण जाऊ लागलं. नर्स म्हणाली, आजोबा भलतेच खमके निघाले. मी मनात म्हणत होतो, केलं ते बरोबरच केलं. तेवढं तरी मला धरून ठेवायला हवं होतं.

सेंटरमधून सुटी मिळाली त्या दिवशी ऑटो घेऊन मीच त्यांना आणायला गेलो. निम्मे झाले होते ते. बसताच म्हणाले, “भाऊ, थेट बुलढाण्याले घ्या ना ऑटो. तिले फाटकातून पाहून येऊ.” मी म्हणालो, “पहिले घरी चला, सर. पोरगी वाट पाहते.” ते माझ्याकडे बघत राहिले. मी रस्त्याकडे बघत राहिलो. घरी पोचलो. मुलगी दारात उभी होती. ते आत गेले आणि मी अंगणातच थांबलो. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहत होतो. तो आला नाही. मग मी निघालो.

पुण्यानुमोदनाला आम्ही पाचच माणसं होतो, तेवढीच परवानगी होती. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, शेजारी वहिनींचा फोटो ठेवला, वंदना झाली. कार्यक्रम उरकल्यावर मी सरांजवळ गेलो आणि म्हणालो, उद्या बोर्डावर लिहितो, वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात.

“नोको,” सर म्हणाले. “शिळी बातमी लिहीत नसतात.”

मी माफी मागितली. मुलीने सांगितलं म्हणून, डॉक्टर म्हणाले म्हणून, असं काहीबाही बोललो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“पोरीले मी दोष देत नाही. तिले बाप पाहिजे होता. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, थेही मले कळते. मी त्याच्यासाठी नाही बसलो इथं.” जरा थांबून श्वास घेतला. “बायको मेली की माणूस रडते, भाऊ. कसाही असू द्या, दारुड्या असू द्या, रडते. माही बायको गेली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिंदगीत हसलो नसन इतका हसलो. समद्या खोलीले हसवलं. चाळीस वर्सं संसार केला आम्ही. आता डोळे मिटले की मले तिचा चेहरा दिसत नाही, माहाच हासणारा चेहरा दिसते.”

मी खाली बघत होतो. मला म्हणायचं होतं, सर, तुम्हाला माहीत नव्हतं. पण ते त्यांना माहीत होतं.

“एक विचारतो. खरं सांगा. फोनवर तुम्हीही हसले. मले आवाज आला होता. तुम्हाले तर माहीत होतं. मग माह्यासाठी नाटक करत होते, का खरंच हसले?”

नाटक करत होतो, असं म्हणणं किती सोपं होतं. ते ऐकायला ते तयारही होते, मला दिसत होतं. पण त्या माणसाला मी सहा दिवस फसवलं होतं, आणि आता समोर वहिनींचा फोटो होता.

“खरंच हसलो, सर.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. मग “या मग,” म्हणाले, आणि मी चपला घालून निघालो.