मधोमध बसलेला धीट उंदीर

नागपूरला आई शेजाऱ्यांना सांगते, "पोरगी बंगळुरात कंप्युटरचं काम करते." उंदीर हा शब्द ती गाळते. मी प्रयोगशाळेत उंदरांच्या हालचाली मोजते. म्हणजे मोजतो प्रोग्रॅम, मी त्याच्यावर लक्ष ठेवते.

आमच्या मॅडम इथल्याच एका जुन्या मराठी घरातल्या. त्या शिकत होत्या तेव्हा उंदीर किती फिरला हे स्टॉपवॉच धरून, डोळे ताणून टिपावं लागे. त्यामुळे हा प्रोग्रॅम आल्यापासून त्या त्याचे जावयासारखे लाड करतात. त्याचं काही चुकलं म्हणायची सोय नाही.

काम साधं. पांढऱ्या, वरून उघड्या पेटीत काळा उंदीर सोडायचा. वरचा कॅमेरा चित्रण करतो, प्रोग्रॅम काळा ठिपका शोधून त्याची वाट आखतो. भ्यायलेला उंदीर भिंतीलगत राहतो, भीती गेलेला मध्ये येतो. आम्ही भीती कमी करणारं एक औषध तपासत होतो.

एका सकाळी प्रोग्रॅमनं आखलेली वाट बघून मॅडमनी हाक मारली. "अगं, हा बघ! बहुतेक सगळा वेळ मधोमध. आणि किती शांत! मीटिंगमध्ये हाच दाखवू."

"पण मॅडम, कोपऱ्यातून मध्ये हा पट्टीनं आखल्यासारखा सरळ आलाय. उंदीर असा पळत नाही."

"धीट आहे तो."

"आणि मग हललाच नाही?"

"तुला कुणाचं चांगलं बघवत नाही बघ."

मी हट्टानं मूळ व्हिडिओ लावला. उंदीर आला, हुंगत फिरला, मधून जाताना काहीतरी टाकून गेला आणि एका कोपऱ्यात शिरला. तिथे भिंतीची सावली होती. काळ्या सावलीत काळा उंदीर प्रोग्रॅमला दिसेनासा झाला. त्यानं दुसरं काळं काही शोधलं, आणि ते सापडलं. पेटीच्या मधोमध, जगाची पर्वा नसलेली, एक लेंडी.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. मी ओढणी तोंडात कोंबून उभी.

"शांत मात्र खरंच आहे गं," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

मग आम्ही दिवे हलवून सावली घालवली, बारके ठिपके सोडून द्यायला प्रोग्रॅमला शिकवलं आणि सगळे व्हिडिओ पुन्हा चालवले. औषधानं फरक पडत होता, पण आधी दिसला तेवढा नाही. मीटिंगमध्ये मॅडमनी लेंडीचा किस्सा स्वतःच सांगितला, माझ्यापेक्षा रंगवून.

आता कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी आम्ही दोघी कॉफी घेऊन व्हिडिओ बघतो. परवा एक उंदीर भिंत सोडेचना. मिशा साफ करून झाल्या, कान झाले, तरी तिथेच. मॅडम खुर्ची पुढे ओढून पडद्याला कन्नडमधून "बा, बा", म्हणजे "ये, ये", म्हणत होत्या, आणि कॉफी निवत होती.