एल्फ्रिडाचा ढग

माझी नणंद एल्फ्रिडा चित्रं काढते ती कोरड्या नदीच्या वाळूत बसून. मांडीवर कागद, शेजारी पाकासारखा गोड चहा. वस्तीतला एखादा कुत्रा अंगावर रेलला तरी ब्रश हलायचा नाही. रंगवते फक्त बापाचा मुलूख. दुसऱ्याचा डोंगर कितीही देखणा असो, तिच्या लेखी तो शेजारणीचा नवरा.

पण बापाच्या मुलखातला मोठा जांभळा डोंगरच तिच्या चित्रांतून गायब झाला होता. तिच्या थोरल्या बहिणीचा, सेल्माचा मुलगा त्याच्या पायथ्याशी गाडी उलटून गेला. आम्हा इथल्या आदिवासींत गेलेल्याचं नाव घेत नाहीत, आणि जन्मदात्री मोकळीक देईपर्यंत त्याची जागाही रंगवत नाहीत. मावशीही आमच्यात आईच, तरी मोकळिकीचा शब्द सेल्माचाच. तो मागायचाही नसतो.

म्हणून एल्फ्रिडा डोंगराच्या जागी ढग काढायची. दर चित्रात तोच, पार जमिनीला टेकलेला. इथं ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर ढग म्हणजे चेष्टाच.

"एल्फ्रे, तुझ्या कागदावर पाऊस आणि आमच्या टाक्या कोरड्या ठाक!"

"वहिनी, तू तुझी राखेतली भाकरी बघ. कोळसा झाला तिचा."

हसायची, पण मधुमेहानं तिची नजर खात आणली होती. एकदा हळूच म्हणाली, "बापाचा डोंगर एकदा काढायचाय गं, दिसतोय तोवर."

मग एका सकाळी सेल्मा कांगारूची शेपटी घेऊन आली. ती भाजायला निखाऱ्यांत पुरली आणि एल्फ्रिडाच्या पाठीशी येऊन बसली. बराच वेळ चित्र बघत राहिली. मी चहा ढवळत होते.

"हा ढग कधी सरकणारच नाही का?"

"वारा नाही ना, ताई," एल्फ्रिडा मान न वळवता म्हणाली.

सेल्मानं हात घागऱ्याला पुसले. "पुरे झाला आता. गारठलं असेल माझं पोर तिथं. ऊन पडू दे."

एल्फ्रिडाचा ब्रश वाळूत पडला. दोघी गळ्यात पडून रडल्या, मीही रडले. मग एल्फ्रिडानं नाक पुसलं आणि कोरा कागद घेतला.

"ऊन कुठलं घालू? संध्याकाळचं?"

"सकाळचं घाल," सेल्मा म्हणाली. "लवकर उठायचा भारी कंटाळा होता त्याला. आता ऊठ म्हणावं!"

आम्ही तिघी इतक्या हसलो, की शेपटी करपली.