तेराव्याची साखर, गुलाबी कार्डावर

पत्नीच्या तेराव्याला जेवण करून देणाऱ्याचं बिल आलं, तेव्हा मुलगा ओट्याशी उभा राहून दोन क्रेडिट कार्डं पत्त्यांसारखी हातात धरून विचार करत होता. एका कार्डावर वीज आणि गॅसचं बिल भरलं की जास्त पॉइंट मिळतात, दुसऱ्यावर किराण्याचं. जेवणावळ कशात बसते हे त्याला ठरवता येत नव्हतं. सून डोळे वटारत होती. घरात काय चाललंय आणि तुम्हाला पॉइंट सुचतात, असा त्याचा अर्थ. मला मात्र तो त्या क्षणी इतका त्याच्या आईचा वाटला, की पाणी प्यायच्या निमित्तानं मी पिंपाकडे गेलो आणि तिथंच थोडा वेळ उभा राहिलो.

ते पिंप घरात कसं आलं ते मला लिहून ठेवायचं आहे.

आम्ही तेव्हा पैठण रस्त्याला सहा बिऱ्हाडांच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. पाच घरांतले पुरुष चितेगावच्या कारखान्यांत जायचे. मी एकटा कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. आमच्याकडे दोन कार्डं होती. एक औरंगपुऱ्यातल्या किराणा दुकानाचं पिवळं आणि दुसरं कामगारांच्या ग्राहक भांडाराचं गुलाबी. दोन्हींवर महिनाभर माल उचलायचा आणि पगार झाला की चुकता करायचा. पिवळ्या कार्डावर दिवाळीला उटण्याची पुडी मिळे. गुलाबी कार्डाचा नियम वेगळा होता. एका महिन्यात ठरावीक रकमेच्या वर घरखर्चाची खरेदी झाली तर स्टीलचं मोठं पिंप भेट. ते भांडाराच्या दारातच, हार घालून मांडलेलं होतं.

नळाला पाणी एक दिवसाआड येई. आमच्याकडे दोन घागरी, एक बादली आणि एक गळका डबा. पाण्याच्या दिवशी पत्नी पहाटेपासून जिन्यातून वरखाली करी, आणि पाणी नसलेल्या दिवशी संध्याकाळी कप विसळायचा की पोराचे पाय धुवायचे, हा निर्णय तिला दर वेळी घ्यावा लागे. तिला ते पिंप हवं होतं. पण दोन माणसं आणि एक लहान पोर तेवढं खाणार किती?

मग तिनं भिशी काढली, कार्डाची. सहाही घरांनी एका महिन्यात सगळा किराणा एकाच कार्डावर घ्यायचा, रोख पैसे त्या घरी आणून द्यायचे, भेट त्या घराला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या घराचं कार्ड. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिला नंबर आमचा आला. चिठ्ठ्या तिनंच केल्या होत्या, एवढंच मी इथं नोंदवतो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं होतं. आमच्या खालच्या घरातले गृहस्थ नामांतराच्या मोर्च्यांत पुढे असायचे आणि समोरच्या घरातले विरोधाच्या सभांना जायचे. दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडून वर्ष झालं होतं. त्यांची साखर मात्र आमच्या गुलाबी कार्डावर एका ओळीत लिहिली जात होती.

महिन्याचे शेवटचे दिवस आले आणि कर्फ्यू लागला. भांडार बंद. बरीच खरेदी राहिली होती. पत्नी खिडकीत उभी राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. महिना संपायच्या आदल्या दिवशी सकाळी दोन तास सूट मिळाली. लोक दूध आणि औषधं आणायला धावले. ती चार पिशव्या आणि मला घेऊन भांडारात गेली आणि सहा घरांची साखर, तेल, चहा, डाळ एका दमात काढायला लावली.

भांडाराचे व्यवस्थापक सज्जन होते, पण डोळे उघडे ठेवणारे. त्यांनी चष्मा वर केला. अशा दिवसांत साठेबाजीची तक्रार फार लवकर होते, असं ते म्हणाले, आणि वहिनी, तुमचं घर तर तिघांचं. मी घाबरून खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "यांचे काका गेले वैजापूरचे. परवा तेरावं आहे."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा मुळातच असा आहे की त्यांना शंका घ्यायला जागाच राहिली नाही. त्यांनी हात जोडले आणि साखर स्वतः तोलून दिली.

वाटेत मी म्हणालो, की काका जिवंत आहेत. त्यावर ती म्हणाली, अशी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, त्यांचं भलंच केलं मी.

चार दिवसांनी कर्फ्यू उठला आणि संध्याकाळी व्यवस्थापक दारात हजर. भेटायला आले होते. पत्नीनं मला आत खेचून बजावलं, "तुम्ही फक्त बसून राहा. तुम्हाला तसंही बोलता येत नाही." मी बसलो. काका कसे होते, असं त्यांनी विचारलं. मी खाली पाहिलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आणि दार ढकलून काका आत आले. डोक्यावर कांद्याचं पोतं. उभं आयुष्य मेंढरांमागे आणि नंतर शेतात गेलेला, सहा फूट उंचीचा माणूस. एसटी सुरू झाल्यावर पहिल्याच गाडीनं आम्ही कसे आहोत बघायला आला होता.

"हे धाकटे काका," पत्नी म्हणाली. "थोरल्या काकांचं दुःख आहे ना, म्हणून आलेत." असं म्हणून तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

काकांनी पोतं खाली ठेवलं. त्यांना थोरला भाऊ एकच, माझे वडील, आणि ते जाऊन दहा वर्षं झाली होती. काका कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिले. चहा बशीत ओतून संपवला. मग म्हणाले, "लई चांगला मानूस व्हता. माझ्यापेक्षा चांगला."

इथं सगळं निभलं असतं. पण उठता उठता व्यवस्थापकांनी फार संकोचून सांगितलं, की तुमची साखर-तेलाची खरेदी ठरलेल्या रकमेच्या वर गेलीय, मात्र भेट घरखर्चावर असते, कार्याची खरेदी त्यात धरत नाहीत. खोटं पत्नी पिंपासाठीच बोलली होती, आणि त्याच खोट्यानं ते जात होतं.

काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "कर्फ्यूत कसलं कार्य, साहेब? गावाकडं पाच मानसांत उरकलं. ह्यांची साखर हितून हललीच नाय. ह्यांनीच खाल्ली म्हना की."

व्यवस्थापकांनी बराच विचार केला. असं असेल तर तो घरखर्चच, असं ते शेवटी म्हणाले.

ते गेल्यावर पत्नीनं काकांच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. काका गंभीरपणे ऐकत होते. "समदं खरं, सूनबाई," ते म्हणाले, "पर माझं तेरावं घातलं आन् मलाच जेवायला नाय बोलावलं." तिनं त्या रात्री शिरा केला, भांडाराच्या साखरेचा.

पिंप हातगाडीवरून आलं. जिना अरुंद होता आणि मी असल्या कामाचा नव्हतो, म्हणून खालचे आणि समोरचे असे दोघेही आपापल्या बायकांनी धाडले. वरून धरणारा म्हणाला, त्यांना सांगा डावीकडे घ्या. खालून धरणारा म्हणाला, त्यांना सांगा आधी दम खा. मी मधल्या पायरीवर उभा राहून निरोप पोचवत होतो. दुसऱ्या मजल्याशी पिंप निसटायला लागलं, तेव्हा "अहो, धरा" हे एक वाक्य थेट गेलं. पुन्हा बोलणं नव्हतं, पण पिंप धरलं गेलं.

काका त्यानंतर वीस वर्षं जगले. आले की आधी त्या पिंपातलं पाणी मागायचे. ते खरोखर गेले तेव्हा पत्नी खूप रडली, आणि साखर आणायला मला औरंगपुऱ्यात पिवळं कार्ड देऊन पाठवलं. भांडारात त्यांचं तेरावं एकदा होऊन गेलं होतं.

मुलगा अजून कार्डं धरून उभा होता. मी पाण्याचा पेला ठेवला आणि त्याला म्हणालो, "आधी नियम वाच. कार्याची खरेदी कधी कधी धरत नाहीत."

सून माझ्याकडे बघत राहिली. मुलानं फोनवर बारीक अक्षर बराच वेळ वाचलं.

"धरतात, बाबा," तो म्हणाला.