खालच्या फांदीची बोरं

कॉलेजचा शिपाई दारात सायकल टेकवून उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, ह्यांनी चाळण मागायला पाठवलाय. तो "मेष्ट्रु..." एवढंच म्हणाला; इथे मास्तरांना कानडीत तसंच म्हणतात. वर्गात शिकवता शिकवताच हे गेले. त्याला आता दीडेक महिना झाला. रडून झालं, आता आठवलं की हसूच येतं, कारण ह्यांच्या संसारात मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर हसले.

हे प्राणिशास्त्र शिकवायचे. जयनगरातलं आमचं घर नवं होतं, तेव्हा शहराबाहेरच्या राखीव माळावर खोकडं किती आणि ती खातात काय, हा नाद ह्यांना लागला. कुणी कोल्हा म्हटलं की लगेच, "कोल्हा नव्हे, खोकड. अंगानं लहान, शेपटीचं टोक काळं." शेजारी कोल्हा काय, खोकड काय, कानडीत सरसकट 'नरी' म्हणायचे, म्हणून हे गल्लीत 'नरी मेष्ट्रु' झाले. दिवसभर बिळं मोजायची आणि येताना खोकडांची वाळकी विष्ठा पुड्यांत बांधून आणायची. ती धुवायला एकदा माझी पिठाची चाळण गच्चीवर गेली... ती पुन्हा स्वयंपाकघरात मी येऊ दिली नाही. गच्चीत एकीकडे माझे सांडगे, दुसरीकडे ह्यांचं वाळवण. पाहुणे आले की आधी मी गच्चीच्या दाराला कडी घालायची.

माळावर खोकडं भरपूर आहेत, ही ह्यांनीच आनंदानं दिलेली बातमी अंगाशी आली. एवढी आहेत, तर आमची कोकरं तीच नेतात, असं धनगर म्हणू लागले. माळावरचे अधिकारी, गौडासाहेब, सापळे लावायच्या बेतात होते. ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी ह्यांनी साहेबांना घरीच बोलावलं. गच्चीवर ताटं मांडली: भुंग्यांचे पंख, वाळवीची डोकी, उंदरांची हाडं आणि एक ताट भरून बोरांच्या आठळ्या.

"लोकर नाहीच काय, मेष्ट्रे?" साहेबांनी विचारलं.

"आहे की," म्हणत ह्यांनी खिशातून पुडी काढली. मी कॉफी घेऊन दारातच थबकले. वाटलं, हा माणूस आपल्या हातानं खोकडं मारणार. "मेलेल्या मेंढीचीही असेल, कोकराचीही असेल. सांगता येत नाही."

साहेबांनी ती चिमूटभर लोकर पाहिली, मग आठळ्यांचं ताट पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "स्वल्प लोकर, आणि बोरं एवढी? सरी, ठीक आहे, सापळे राहू देत."

त्या आनंदात ह्यांनी आठळ्या परसात उधळल्या. त्यातली एक रुजली. झाडाला बोरं लागली, तशी ह्यांची एकच अट होती, खालच्या फांदीची बोरं तोडायची नाहीत. "अहो, जयनगरात खोकड कुठून येणार?" मी दर वर्षी विचारायची. "अगं, आलंच तर?"

परवा शेजारच्या कमलम्मांसाठी बोरं काढली. त्या म्हणाल्या, "अक्का, खाली एवढी पिकलीत, ती का ठेवली?"

म्हटलं, "ती आपली नाहीत. ह्यांच्या पाहुण्यांची आहेत."

आणि उठून, त्या आल्या तेव्हा सवयीनं घातलेली गच्चीच्या दाराची कडी काढली.