मण्यांची परीक्षा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. निवृत्तीच्या दिवशी लोक माझ्याबद्दल भरभरून बोलले, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं — आणि मी नुसता मान खाली घालून हसलो. आज तुम्हाला सांगतो.

देवासला इलेक्ट्रॉनिक्सचा नवा कारखाना निघाला आणि मी धारहून येऊन त्याच्या पर्सोनेल खात्यात चिकटलो. काय दिवस होते ते! रोज नवं मशीन, रोज नव्या खोक्याभोवती गर्दी. मोहरीएवढे भाग चिमट्यानं उचलून प्लेटच्या भोकांत बसवायचे — अशी माणसं निवडायचं काम माझ्याकडे. मी गणिताचा पेपर काढला. हुशार पोरं पास झाली — आणि त्यांनी प्लेटांमागून प्लेटा बिघडवल्या. मोठे साहेब भडकले.

आमच्या खात्यात मालूताई टायपिस्ट होत्या. माझ्या थोरल्या बहिणीची मैत्रीण, धारच्याच. देवासला मला खोलीसुद्धा त्यांनीच बघून दिलेली. एकदा टायपिंग थांबवून म्हणाल्या, "सुधाकर, अरे पेपर कसला घेतोस? हात बघ ना! घरी मण्यांची तोरणं करणाऱ्या मुली बोलाव."

मण्यांचा डबा त्यांनी घरून आणला. पुठ्ठ्यांना भोकं त्यांनीच पाडली — चिमट्यानं मणी उचलून त्यांत बसवायचे, हीच परीक्षा. आणि मुली आल्या — देवासच्या, बस भरून सोनकच्छच्या! चिमटे हातात घेतले मात्र, बोटं अशी चालायला लागली की आम्ही बघतच राहिलो. एक तर मान वर न करता म्हणाली, "भिया, हो गया. और मोती हैं क्या?" इंजिनियर टाळ्या वाजवायला लागले. खरं सांगू? अजूनही अंगावर काटा येतो. इतका आनंद मला पुढे कशानंच झाला नाही.

साहेब आले, बघत उभे राहिले. "किसका आइडिया है ये?"

मालूताई शेजारच्या खोलीत मुलींच्या नावांची यादी टाइप करत होत्या. मशीनचा आवाज मला ऐकू येत होता —

"मेरा, साब."

दोनच शब्द. घाबरून निघाले? छे. मजेत निघाले.

संध्याकाळी मालूताईच मला म्हणाल्या, "बघ, जमलं की नाही!" मी वर चढत गेलो. दुसऱ्या कारखान्यांतले लोक माझी पद्धत शिकायला यायचे. माझी!

एवढंच असतं तर कदाचित मी कधीच सांगून टाकलं असतं. पण काही वर्षांनी आमच्या खात्यात अधिकाऱ्याची जागा निघाली. मालूताईंनी अर्ज केला. तोवर त्यांचा गोपनीय अहवाल लिहिणारा मीच होतो. अधिकारी होऊन त्या मोठ्या साहेबांसमोर बसू लागल्या, बोलता बोलता मण्यांचा विषय निघाला — तर? मी लिहिलं: काम चोख, पण स्वतःहून काही सुचत नाही.

जागा इंदूरच्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांचं नेमणुकीचं पत्र मालूताईंनीच टाइप केलं. सहीला घेऊन आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "माझ्याबद्दल वाईट काही गेलं का रे वर?"

"नाही मालूताई. चांगलंच लिहिलं होतं मी."

त्यांचा चेहरा उजळला. "मग ठीक. माझंच काही कमी पडलं असेल."

मी सही केली. पत्र घेऊन त्या आपल्या टेबलाकडे गेल्या.